परराज्यात असताना गाडीचे रिपासिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती महाराष्ट्र पासिंगची खासगी गाडी किंवा दुचाकी घेऊन लांब निघालेल्यांसाठी आहे, आणि आधीच बाहेर असून आता तारखेकडे बघत बसलेल्यांसाठीही. टॅक्सी, टेम्पोसारख्या पिवळ्या पाटीच्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांच्यासाठी खाली एक छोटा प्रश्न आहे.

नोंदणी कधी संपते आणि ती तारीख कुठे बघायची?

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर नूतनीकरण, म्हणजेच रिपासिंग, होते ते दर वेळी ५ वर्षांचे. आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) स्मार्ट कार्डावर नोंदणीच्या वैधतेची तारीख छापलेली असते. एमपरिवहन ॲपमध्ये 'फिटनेस/रजिस्ट्रेशन अपटू' असे दिसते, खासगी गाडीला तीच तारीख धरायची.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. गाडी घेताना एकरकमी कर भरलेला असतो, म्हणून 'आपली गाडी लाइफटाइम आहे' असे लोक धरून चालतात. कर आणि नोंदणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कर आयुष्यभराचा भरला असला तरी नोंदणी पंधराव्या वर्षी संपतेच. जुनी गाडी विकत घेतली असेल तर मोजणी पहिल्या नोंदणीपासून होते, तुमच्या नावावर झाली त्या दिवसापासून नाही.

मी हिमाचलमध्ये आहे. गाडी एमएच-१२ आहे. इथल्याच आरटीओत रिपासिंग होईल का?

कायद्यात वाट आहे, खिडकीवर ती क्वचितच उघडी असते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५२ सांगतो की नूतनीकरणाचा अर्ज गाडी ज्याच्या हद्दीत आहे त्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे करायचा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ४१(१०) तर आणखी स्पष्ट आहे: नूतनीकरण करणारे कार्यालय मूळ नोंदणीचे नसेल तर त्याने मूळ कार्यालयाला तसे कळवावे. म्हणजे दुसऱ्या ठिकाणी नूतनीकरण होऊ शकते हे कायद्यानेच धरलेले आहे.

अडचण कराची आहे. वाहन कर हा राज्याचा विषय. परराज्यातली गाडी पंधरा वर्षांनंतर एखाद्या कार्यालयात रिपासिंगला आली की तिथला कारकून पहिला प्रश्न विचारतो, 'एनओसी आणली का?' एनओसी (मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र) आणायची म्हणजे गाडी महाराष्ट्रातून काढून त्या राज्यात न्यायची, तिथला कर भरायचा, नवीन नंबर घ्यायचा. चार महिन्यांच्या भटकंतीसाठी कोणी हे करू नये. शिवाय संगणकावरची नोंद मूळ कार्यालयाच्या नावावर असल्याने अर्ज तिकडेच वळतो.

तरीही विचारून बघायचे असेल तर कलम आणि नियमाचा उल्लेख असलेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारले की तोंडी 'नाही' मिळते. पण प्रवासाचा बेत या आशेवर आखू नका. ज्यांच्या हातात वेळ आहे त्यांनी गाडी महाराष्ट्रात आणून काम उरकणे हाच कमी मनस्तापाचा मार्ग.

आता सगळे ऑनलाइन झाले आहे ना? मग गाडी न्यायलाच का हवी?

कारण इथे कागद नव्हे, गाडी तपासली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने आधार पडताळणीवर ५८ सेवा कार्यालयात न जाता मिळतील असे जाहीर केले, आणि पत्ता बदल, दुय्यम आरसी यांसारखी कामे खरोखरच घरबसल्या होतात. नूतनीकरणात मात्र मोटार वाहन निरीक्षकाने किंवा तपासणी केंद्राने गाडी रस्त्यावर चालण्यालायक आहे असे म्हणावे लागते. अर्ज, शुल्क आणि तपासणीची वेळ घेणे एवढे तुम्ही मनालीच्या हॉटेलातून करू शकता. तपासणीला गाडी उभी करावीच लागते.

'गाडी न नेता करून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर सावध व्हा. गाडी पाचशे मैल दूर असताना तपासणी झाल्याची नोंद होत असेल, तर त्याच काळातले टोलचे आणि चलानचे फोटो पुढे तुमच्याच विरोधात जातील.

मुदत प्रवासाच्या मध्येच संपणार आहे. आधी करून घेता येईल?

येईल, पण फार आधी नाही. अर्ज मुदत संपण्याच्या जास्तीत जास्त ६० दिवस आधी करता येतो. समजा तुमची नोंदणी १४ ऑगस्टपर्यंत आहे, तर अर्ज १५ जूनपासून करता येतो. जुलैमध्ये लडाखला निघणार असाल तर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात काम करून घ्या आणि मग निघा. मार्चमध्येच वर्षभरासाठी बाहेर पडणार असाल तर जून ते ऑगस्टच्या दरम्यान एकदा परत यावे लागेल हे आधीच धरून मार्ग आखा: उन्हाळ्यात दक्षिण, मधे घर, मग उत्तर. तपासणीची वेळ लगेच मिळेलच असे नाही आणि पहिल्या फेरीत गाडी नापास झाली तर दुसरी फेरी लागते. म्हणून घरी किमान दोन आठवडे हाताशी ठेवावेत असा आमचा सल्ला.

कोणते कागद आणि किती खर्च?

नमुना २५ चा अर्ज, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र), पॅन कार्ड किंवा नमुना ६०, पत्त्याचा पुरावा, मालकाची सही आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. अर्ज 'परिवहन सेवा' संकेतस्थळावरच्या वाहन विभागात करायचा. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक-अक्षरे विचारतात, मग नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो.

नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून चांगलेच वाढले. दुचाकीला ३०० चे १,००० रुपये झाले, मोटारीला ६०० चे ५,०००. परदेशातून आणलेल्या मोटारीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांपुढच्या गाड्यांना हेच दुप्पट आहे: दुचाकी २,०००, मोटार १०,०००. यावर तपासणीचे शुल्क, स्मार्ट कार्डाचे पैसे आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर येतो. पर्यावरण कर गाडीचा प्रकार आणि इंधन बघून ठरतो, डिझेलला जास्त. एकूण रक्कम संकेतस्थळच काढून दाखवते. एजंटने सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून पाहा.

उशिराबद्दल दुचाकीला महिन्याला ३०० आणि इतर खासगी गाड्यांना ५०० रुपये जादा लागतात. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात.

तपासणीत गाडी कशावर अडते?

सगळ्यात जास्त चेसिस नंबरवर. पंधरा वर्षांत, त्यातून कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत, कोरलेला नंबर गंजाखाली जातो आणि निरीक्षकाला वाचता येत नाही. घरीच आधी शोधून ठेवा. दुचाकीला तो बहुधा हँडलच्या खालच्या दांड्यावर असतो. मोटारीत पुढच्या सीटखालच्या गालिच्याआड किंवा बॉनेटमध्ये मागच्या पत्र्यावर सापडतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, पातळ कागद चिकटपट्टीने ताणून लावा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. सँडपेपर किंवा कानस लावू नका. घासलेला नंबर 'छेडछाड' म्हणून परत पाठवला जातो आणि ते निस्तरणे गंजापेक्षा कितीतरी वाईट.

दुसरे कारण प्रवाशांचे खास आहे: लांबच्या सफरीसाठी केलेली सजावट. पुढचा लोखंडी गार्ड, जादा झगझगीत दिवे, मोठा हॉर्न, बाहेर आलेली रुंद चाके, मागची सीट काढून बसवलेला पलंग. आरसीवर पाच आसने असतील तर गाडीत पाच आसने दिसायला हवीत. परवानगीशिवाय केलेला बदल कलम ५२ मध्ये अडकतो. जे नटबोल्टवर बसवले आहे ते तपासणीपूर्वी काढा, वेल्डिंग केले असेल तर आधी गॅरेज गाठा. रंग बदलला असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी.

सीएनजी किट नंतर बसवले असेल तर त्याचीही आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) चालू हवी. या चाचणीचे कागद घरच्या फाइलमध्ये राहतात आणि ऐन वेळी सापडत नाहीत.

बाकी नेहमीचे: चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्स लाइट, वायपर, हँडब्रेक, हॉर्न, आरसे, सीट बेल्ट. टायरच्या खोबणीची खोली मोटारीला किमान १.६ मिलिमीटर, दुचाकीला ०.८. हजारो किलोमीटर डोंगरात फिरून आलेली गाडी थेट तपासणीला नेऊ नये. ब्रेक पॅड, टायर आणि हेडलाइटचा झोत आधी बघून घ्या.

अर्ज ऑनलाइन भरताना मधेच अडतो. का?

बहुतेक वेळा या तीनपैकी एक कारण असते.

मोबाइल नंबर जुना असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो आणि ओटीपी त्याला जातो. संकेतस्थळावर मोबाइल नंबर बदलण्याची सोय आहे. आरसी समोर ठेवून, त्यावरचा चेसिस, इंजिन आणि तारखांचा तपशील जसाच्या तसा भरावा लागतो. हे काम प्रवासाला निघण्यापूर्वीच करा, कारण पीयूसी काढतानाही ओटीपी याच नंबरवर येतो.

चलान थकलेले असते. राजस्थानात कॅमेऱ्याने टिपलेला वेग तुम्हाला कळतही नाही, पण गाडीच्या नोंदीवर तो बसलेला असतो. ई-चलान संकेतस्थळावर गाडीच्या नंबराने शोधा. एखादे चलान तिथे भरता येत नसेल तर ते आभासी न्यायालयाकडे गेले आहे असे समजा आणि त्या राज्याच्या न्यायालयाच्या पानावर भरा. भरल्यावर नोंद निघायला काही दिवस जातात, म्हणून पावती जपा.

तिसरे कारण नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट नंतर बसवावी लागते आणि ती नसेल तर आरटीओतली कामे अडतात. ती ठरवून दिलेल्या केंद्रातच, वेळ घेऊन बसवायची असते. महाराष्ट्रात शुल्क दुचाकीला ४५०, मोटारीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. रस्त्याकडेच्या दुकानातली दिसायला तशीच प्लेट चालत नाही, कारण खऱ्या प्लेटवरचा कोड गाडीच्या नोंदीला जोडलेला असतो.

बँकेचा बोजा आरसीवर असेल तर त्याने नूतनीकरण सहसा थांबत नाही. एनओसीच्या वेळी मात्र बँकेचे पत्र लागतेच.

मुदत संपली आणि गाडी अजून परराज्यात आहे. चालवत घरी आणू का?

कायद्याने नाही. नियम ५२ प्रमाणे मुदत संपल्यावर गाडी नोंदणीकृत मानली जात नाही आणि नूतनीकरण होईपर्यंत ती सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. सवलतीचे दिवस नाहीत. कोविडच्या काळात केंद्राने कागदांची वैधता वाढवली होती, ती ३१ ऑक्टोबर २०२१ ला संपली. अजूनही काही जण तिचा हवाला देतात.

कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडल्यास ५,००० ते १०,००० किंवा एक वर्षापर्यंत कैद. कलम २०७ खाली पोलीस गाडी अडकवूनही ठेवू शकतात, आणि परक्या गावात हा दंडापेक्षा मोठा ताप. अर्जाची पावती किंवा तपासणीची वेळ हा परवाना नव्हे. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेण्यापुरती सूट कलम १९२ मध्येच आहे, पण सात दिवसांत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवावे लागते.

मग करायचे काय? मोटार असेल तर पूर्ण गाडी उचलून नेणाऱ्या वाहतूकदाराकडे द्या. खर्च अंतरावर आणि मोसमावर ठरतो. दोन-तीन ठिकाणी विचारा, गाडीचे चारही बाजूंनी फोटो आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा. दुचाकी रेल्वेने पार्सल म्हणून पाठवता येते. त्यासाठी आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते आणि टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. आरसे, इंडिकेटर यांना घरूनच जाड गोणपाट बांधा.

दंड भरायची तयारी आहे. तरी धोका काय?

विम्याचा. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२१ ला निकाल दिलेले एक प्रकरण अगदी या विषयाचे आहे. नव्या गाडीची तात्पुरती नोंदणी संपली होती. मालक ती घेऊन दुसऱ्या गावी, जोधपूरला गेला आणि रात्री अतिथिगृहाबाहेरून गाडी चोरीला गेली. विम्याची मुदत चालू होती, तरी वैध नोंदणी नसलेली गाडी वापरणे हा विमा कराराचा मूलभूत भंग ठरला आणि भरपाई नाकारली गेली. पंधरा वर्षांनी संपलेल्या नोंदणीलाही विमा कंपनी हाच मुद्दा लावणार. दोन हजारांचा दंड परवडेल, पण अपघातात समोरच्याचे नुकसान झाले तर तो खर्च कुठवर जाईल याला मर्यादा नाही.

विमा आणि पीयूसी बाहेरच्या राज्यात काढले तर चालतात?

दोन्ही चालतात. पीयूसी देशात कुठल्याही अधिकृत केंद्रावर काढा, नोंद थेट संगणकावर चढते. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षभर, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. रिपासिंगला आलेली गाडी बहुतेक जुन्या मापदंडाची असते, म्हणजे सहाच महिने.

विमा ऑनलाइन होतो, पण खंड पडू देऊ नका. खंड पडल्यावर स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण देण्यापूर्वी कंपनी गाडी बघते, आणि ९० दिवसांपुढे गेलात तर 'नो क्लेम बोनस' जातो.

गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते गावी आहेत.

अर्ज मालकाच्या वतीने करता येतो. त्यांची सही, अधिकारपत्र, त्यांच्या आणि तुमच्या ओळखपत्राच्या प्रती सोबत ठेवा. ओटीपी त्यांच्या फोनवर येणार, म्हणून अर्ज भरताना त्यांना फोनजवळ बसवा. मालक हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, मग नूतनीकरण.

परराज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिलो तर?

हा नूतनीकरणापेक्षा वेगळा नियम आहे आणि नव्या गाडीलाही लागतो. महाराष्ट्राची नोंदणी देशभर चालते, पण गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. अर्ज नमुना २७ वर, मुदत उलटल्यापासून ३० दिवसांत. त्याआधी घरच्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, चेसिस प्रिंटसह. एनओसीवर ३० दिवसांत उत्तर आले नाही तर ती दिली असे कायदा मानतो, मात्र पुढच्या खिडकीवर ते पटवून देणे सोपे नाही. नव्या राज्यात कर भरल्यावर महाराष्ट्राकडे उरलेल्या कराचा परतावा मागता येतो.

हे १२ महिने एकाच राज्यातले आहेत. राज्ये बदलत फिरणाऱ्याला नियम लागत नाही, पण ते दाखवायची वेळ आली तर टोलच्या नोंदी, पेट्रोलच्या आणि मुक्कामाच्या पावत्या कामी येतात.

रिपासिंग झाले आहे. आता दिल्लीमार्गे जाता येईल ना?

फक्त रिपासिंगच्या भरवशावर जाऊ नका. हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश यांमुळे दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. २०२५ मध्ये न्यायालयाने यात फेरफार केले, म्हणून निघताना ताजा आदेश वाचा. या क्षेत्रात गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद तर आहेतच, राजस्थानातले अलवर आणि भरतपूर जिल्हेही आहेत. जुनी गाडी घेऊन पंजाब किंवा काश्मीरकडे जाणाऱ्यांनी उदयपूर, बिकानेर, भटिंडा असा पश्चिमेचा रस्ता धरावा. अंतर थोडे वाढेल, डोके शांत राहील.

माझी गाडी बीएच क्रमांकाची आहे. मला काय लागू?

तुमचा प्रश्न कराचा आहे. सप्टेंबर २०२१ पासूनच्या या मालिकेत कर दोन-दोन वर्षांचा भरतात, तोही कुठूनही ऑनलाइन. मुदतीनंतर सात दिवस उलटले की दिवसाला १०० रुपये दंड चढतो. तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, आठवण करून देणारे पत्र येईलच असे नाही. राज्य बदलले तरी नवा नंबर लागत नाही.

पिवळ्या पाटीची गाडी?

तिला फिटनेस प्रमाणपत्र: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. परमिटची मुदत वेगळी बघा. भाड्याने गाडी घेऊन लांब जाणाऱ्याने निघण्यापूर्वी चालकाकडून दोन्ही तारखा बघून घ्याव्यात, कारण तपासणी नाक्यावर गाडी अडली तर सामानासकट तुम्हीच रस्त्यावर.

प्रवासात आरसी हरवली तर?

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी २०१८ पासून मूळ कागदाच्या बरोबरीने धरली जाते. प्रवास थांबवायची गरज नाही. जिथे हरवली तिथे पोलिसांत नोंद करून त्याची प्रत घ्या आणि नमुना २६ वर दुय्यम आरसीचा अर्ज महाराष्ट्राच्या आरटीओकडे ऑनलाइन करा. नवीन कार्ड नोंदणीतल्या पत्त्यावर टपालाने जाते, तेव्हा घरी ते घ्यायला कोणीतरी असेल असे बघा.